पायडलाच्या मापाचा जोडा

रविवार, ७ मार्च १९७६

प्रिय सुला,

सासऱ्यानं सुनेला 'प्रिय' लिहायची आपल्याकडं रीत नाही. मी आधी 'चि. सौ. सुलाबाई हिस अनेक आशीर्वाद' असाच मायना घातला होता. पण त्या मायन्याखाली जे काही उतरायला लागलं ते सगळं हुकमाच्या सुरात, म्हणून तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. तेवीस वर्षं फौजेत काढली. आधी हुकूम पाळले, मग दिले, आणि घरी येऊन दहा वर्षं झाली तरी ती सवय गेली नाही. हे पत्र त्या सवयीशिवाय लिहायचा विचार आहे, जमेल तितकं जमेल.

तुझा राजीनाम्याचा अर्ज मंगळवारी पोचला. तुझी रजा पंधरा तारखेला संपते, त्याच्या आत मी तो वडूजला पंचायत समितीत नेऊन द्यावा असं तू लिहिलंस. अर्ज दोनदा वाचला. अक्षर नेहमीसारखं टपोरं, आणि कारण एका ओळीत: 'पायाच्या दुखण्यामुळे चार मैल जाणे-येणे होणार नाही.' शाळा एकाच बाईंची, त्यामुळं तुझी रजा म्हणजे वाडीच्या शाळेचीही रजाच झाली आहे. बदलीचे गुरुजी आठवड्यातून दोन दिवस येतात आणि दुपारच्या आत जातात. तू आमच्या कृष्णातलाही, तुझ्या नवऱ्याला, कळवलेलं दिसतंय, कारण त्याचं जम्मूहून कार्ड आलं. त्यात एवढंच, की 'आबा म्हणतील तसं करा.' ह्या घरात सगळे आबा म्हणतील, म्हणजे मी म्हणेन, तसंच करत आले, आणि त्याचं काय झालं ते तुझ्या पायाला विचारावं.

हे पत्र तुला सिद्धूच्या हातून मिळेल. स्टँडवरचा सायकलवाला सिद्धू दर महिन्याला सामान आणायला सांगलीला जातो, ह्या खेपेला तो वाटेत पलूसला उतरून तुझ्या आईच्या, मनुबाईंच्या हातात पत्र आणि एक पुडकं देणार आहे. पुडक्यात जोडा आहे. आधी पत्र वाच आणि मग पुडकं सोड, कारण तो जोडा दिसायला काही खास नाही, तो का तसा आहे हे कळल्याशिवाय तू त्याला हसशील. इकडं म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या सासूनं तुझ्या वाट्याचा खरवस कुणाकुणाला वाटला त्याची यादी मला दिली आहे, ती इथं लिहीत नाही.

सायकलची गोष्ट तुला कुणी नीट सांगितली नसेल. सत्तेचाळीस साली मी बेळगावला एका गोऱ्या साहेबाकडं ऑर्डर्ली होतो. साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा मेमसाहेबांनी त्यांची लेडीज सायकल मला देऊन टाकली. मी चोवीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला. म्हटलं, हरणाबाईला शिकवू. रहिमतपूर स्टेशनवर उतरवून गावापर्यंत ढकलत आणली. माझ्या वडिलांनी ती अंगणात बघितली आणि विचारलं, 'ह्याच्यावर बसनार कोन?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'मग म्या पारावर कंच्या तोंडानं बसू?' तिथं विषय संपला. पुढं सुट्टीवर आलो की मीच ती चालवायचो, आणि गाव म्हणायचं, नानासो बायकोच्या सायकलीवरनं फिरतो. पायडलांचं रबर झिजून गेलं तेव्हा मीच बेळगावहून लोखंडी दातेरी पायडलं आणून बसवली. फौजी बुटाच्या तळाला खिळे असत, ते रबरावरून सटकायचे; ह्या दातांत ते घट्ट अडकून बसत. मोठी अक्कल लढवली असं तेव्हा वाटलं होतं.

मग तू आलीस, पंचाहत्तरच्या जूनमध्ये तुला वाडीची शाळा मिळाली, आणि तुला माहेरी सायकल येत होती. सायकल मी आनंदानं दिली, हे तुला आठवत असेल. बापानं अडवलं ते मी अडवणार नाही, एवढा मी सुधारलेला होतो. पण पार होता. आपल्याकडं पारावर थोरली माणसं बसलेली असली की बाईमाणूस पुढून वहाणा घालून जात नाही. हातात घेते, पदर ओढते आणि पुढं गेल्यावर पायात सरकवते. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या दिवशी तू पाराच्या अलीकडं उतरलीस. वहाणा एका हातात, हँडल दुसऱ्या हातात, खांद्याला पिशवी, अशी शंभर पावलं चालत जाऊन मग पुन्हा चढलीस. माझे चुलतभाऊ भाऊसो, ज्यांची पारावरची जागा कुणी घेत नाही, ते म्हणाले, 'नानासो, सून वळणाची हाय.' माझी छाती वीतभर फुगली.

आषाढात चिखल झाला. पारापुढं वेशीपर्यंत चढ आहे, तिथं थांबून पुन्हा सायकलवर चढायचं म्हणजे साडी, पिशवी आणि चिखल एकदमच सांभाळायचं. तुला शाळेला उशीर व्हायला लागला. पारापुढं उतरलं नाही तर चालेल का, असं तू सासूकरवी विचारलंस. मी दोन दिवस विचार केला, एखादा तंटाच सोडवायचा असावा असा, आणि निकाल दिला: सायकलवरून उतरू नको, हरकत नाही, पण पायात वहाण नको. वेळही वाचला आणि मानही राहिला. पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. साप मेला आणि काठीही मोडली नाही, अशा खुशीत मी होतो. तेव्हापासून तुझ्या वहाणा हँडलच्या पिशवीत आणि तू अनवाणी. एकदा काढलेली वहाण घालायची तर उतरावं लागणार, म्हणून तू ओढ्यापर्यंत तशीच जायचीस, आणि येताना ओढ्यापासून घरापर्यंत तशीच यायचीस. पायाखाली ती दातेरी पायडलं. ती मीच बसवलेली, त्यांचे दात केवढे ते मला ठाऊक, आणि तरी निकाल देताना माझ्या डोक्यात पार होता, तुझे पाय नव्हते.

मार्गशीर्षात तू लंगडायला लागलीस. बाभळीचा काटा मोडला म्हणालीस. हळद झाली, मिठाचं गरम पाणी झालं, आणि सायकल चालूच राहिली. पौषात पाय घोट्यापर्यंत सुजला, ताप भरला, आणि तुला गाडीत घालून मिरजेला न्यावं लागलं. डॉक्टरांनी चवडा चिरला. आणखी आठ दिवस काढले असते तर चवडा राहिला नसता, हे त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात उभं करून सांगितलं. तिथून तू माहेरी गेलीस ते बरंच झालं, कारण मला तुझ्याकडं बघवत नव्हतं.

माघात एका सकाळी, सायकल नुसती उभी राहून गंजू नये म्हणून मी फडकं घेऊन बसलो. डाव्या पायडलाच्या दातांत काळपट काही वाळलेलं होतं. ओल्या फडक्यानं पुसलं तर तांबूस उतरलं. वाळलेलं रक्त कसं दिसतं हे फौजेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. हरणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, तिच्यापुढं ते फडकं धरलं. तिनं बघितलं, पण थापणं थांबवलं नाही. 'आता दिसलं व्हय?' म्हणाली. 'पोरीनं मला शपत घातलीती, मामंजींस्नी सांगू नका म्हून. आन सांगून तरी काय उपेग हुता? तुमी पुन्यांदा दोन दिस इचार केला असता.'  मी भाकरी खाल्ली आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी मी पायातलं काढलं, धोतर खोचलं आणि अनवाणी सायकलवर बसलो. तुझ्या शाळेपर्यंत जायचं ठरवलं होतं. पहिला फर्लांगभर काही वाटलं नाही. वेशीच्या चढाला पायावर जोर आला तसे दात आत घुसायला लागले. पाय मागं घेतला तर सटकतो, पुढं नेला तर बोटं मडगार्डला घासतात, आडवा केला तर घोटा लागतो. पाय कुठं ठेवायचा ह्याला एकच उत्तर, जिथं कमी दुखतं तिथं; आणि ती जागा दर दहा फेऱ्यांनी बदलावी लागते. ओढ्याच्या उतारावर तळवा घामानं ओला होऊन निसटला आणि चवड्याची साल निघाली. पलीकडं जाऊन मी उतरलो. चार मैलांतला एक मैल जेमतेम झाला होता. सायकल ढकलत घरी आलो. तू हे सहा महिने केलंस, रोज दोनदा, आणि वर जाऊन मुलांना पाढे शिकवलेस. मला माझी लाज वाटली, सुला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

सिद्धूकडं सायकल नेली. म्हटलं, ही काढ आणि रबरी बसव. त्यानं पान्याला पाइप लावून जोर केला, रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं, पुन्हा जोर केला. मग हात पुसत म्हणाला, 'हवालदार, ह्ये क्रँकमंदी गंजून येकजीव झालंया. ठोकाय गेलं तर क्रँक मोडंल, आन असला क्रँक आता इलायतेत बी घावायचा न्हाई.' मग कानशीनं दातच घासून टाक, असं मी म्हटलं. त्यानं मान हलवली. 'दात घासलं तर पावसात पाय घसरून वहिनी वढ्यात जातील. दात पायजेतच. पर त्ये जोड्याला लागाय पायजेत, पायाला न्हाई.' एवढी साधी गोष्ट मला दहा वर्षांच्या पारावरच्या शहाणपणात सुचली नव्हती. त्यानं भंगारातला एक दातेरी पत्रा मला दिला, जोडा त्याच्यावर पारखून घ्या म्हणाला.

तो पत्रा पिशवीत घालून एस.टी.नं साताऱ्याला गेलो. मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत चपलांची जेवढी दुकानं दिसली तेवढी पालथी घातली. प्रत्येक जोड्याच्या तळाला पत्रा लावायचा आणि अंगठ्यानं दाबून बघायचं. एक दुकानदार म्हणाला, काका, जोडा घेताय का इन्स्पेक्शनला आलाय. कोल्हापुरी चप्पल देखणी, पण तळ गुळगुळीत आणि मागं पट्टा नाही. पायडल वर येतं आणि चप्पल खाली राहते. कॅनव्हासचा बूट पाय धरून ठेवतो, पण तळ इतका मऊ की दात निम्मे आत जातात, शिवाय नाडी पायडलात गुंडाळली तर तोंडावर आपटायची वेळ. रबरी चप्पल दोन बोटांवर लोंबते. टाचेचा लेडीज बूट पायडलाला छान अडकतो, इतका छान की उतरताना निघतच नाही. जोडा निवडायची कला आपल्याला येते असं मी समजत होतो. फौजेत बूट मिळतो आणि पाय त्यात बसवायचा असतो, त्याला निवडणं म्हणत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी रहिमतपूरला आकारामकडं गेलो. आकाराम आपल्याच गावचा, चांभारवाड्यातला. वीस वर्षांपूर्वी त्यानं तिकडं स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलं. मी सायकलच घेऊन गेलो होतो. जोडा कुणाचा, हे त्यानं विचारलंच नाही. खाली बसला, पायडल फिरवून बघितलं, चिकणमातीचा ओला गोळा दाबून दातांचा ठसा घेतला. मग म्हणाला, 'ह्याचं माप झालं. आता पायाचं आना.'

आता सुनेच्या पायाचं माप सासऱ्याकडं कुठून असणार? दोन वर्षं तू घरात वावरतेस, ताट वाढतेस, सणासुदीला वाकून नमस्कार करतेस, आणि तुझा पाय केवढा हे मला सांगता येईना. जुन्या वहाणा तू बरोबर नेल्या होत्यास. तोड हरणाबाईनं काढली. गेल्या वर्षी न्हाणीपुढं सिमेंट केलं तेव्हा ओल्यातच तुझा पाय पडला होता आणि त्यावरून तिनं तुला दिवसभर फैलावर घेतलं होतं. तो पाय अजून तिथं आहे, पाची बोटांसकट. मी त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि गुडघे टेकून कोळशानं कड काढली. तुझी सासू दारात उभी राहून म्हणाली, 'सुनंच्या पाया पडल्याला सासरा गावात तुमीच पयलं.' कागद बघून आकारामही हसला. 'लय मापं घेतली, पर ह्ये असलं पयल्यांदाच बघतोय,' म्हणाला.

त्यानं काय केलंय ते सांगतो, म्हणजे पुडकं सोडल्यावर तुला कळेल. तळ म्हशीच्या चामड्याचा, दुहेरी, दात आरपार यायचे नाहीत असा. तळाला मोटारीच्या टायरच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या आहेत, आणि पट्ट्यांमध्ये दोन खाचा सोडल्या आहेत. पायडलाचे दोन्ही पत्रे त्या खाचांत बसतात. पुढून बोटं झाकलेली, म्हणजे वळताना मडगार्डला लागणार नाहीत. टाचेमागं पट्टा आणि बक्कल बाहेरच्या अंगाला. डाव्या जोड्यात चवड्याखाली घोंगडीचा तुकडा शिवलाय, डॉक्टरांनी चिरल्याची खूण कुठं आहे ते हरणाबाईनं मला तिच्या तळहातावर दाखवलं होतं. चालताना जोडा थोडा वाजतो. त्याला आकारामकडं इलाज नव्हता.

टाके घालता घालता, मान वर न करता तो म्हणाला, 'माझा बा सगळ्या गावाच्या वहाणा शिवायचा. सोताच्या मातूर पारापुढनं जाताना हातात धरायचा. म्या तवाच ठरीवलं, दुकान टाकीन तर पार नसंल अशा ठिकाणी.' आवाजात राग नव्हता, दोऱ्याला मेण लावत बोलत होता. आकाराम गाव सोडून का गेला हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. धंदा चांगला चालत असेल तिकडं, एवढंच धरून चाललो होतो. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला होता, तो मी कसाबसा संपवला.

जोडा झाला, पण पारखायचा कुणी? माझा पाय त्यात शिरत नाही. हरणाबाईचा पाय तुझ्यापेक्षा बोटभर लहान. 'मी कशाला,' म्हणाली आणि घातला. खळ्यावर कुणी नव्हतं. मी सीट धरली, ती लुगडं सावरून बसली आणि म्हणाली, 'ही तुमी माज्यासाठीच आनलीती न्हवं? येकुनतीस वरसं झाली.' मी हो म्हटलं. तीन फेऱ्या धरून मारल्या, चौथीला म्हणाली, 'सोडा आता.' सोडलं. दहा-बारा हात सरळ गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसली. मी धावलो तर ती गंजीला टेकून इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. उठून लुगडं झटकलं आणि मला सांगितलं, 'पाय न्हाई सटाकला.' जोडा बरोबर झाला हे तिथं ठरलं.

राहिला पार. काल शनिवारी सगळे जमलेले असताना मी उभा राहून सांगितलं, की आषाढात मी दिलेला निकाल चुकीचा होता, त्यापायी माझ्या सुनेचा पाय जायची वेळ आली, आणि तो निकाल मी मागं घेतो. तिला जायचं असेल तेव्हा ती पायात जोडा घालून आणि सायकलवर बसूनच जाईल.  भाऊसोंनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, 'नानासो, पायातली वहाण पायातच बरी असती.' ही म्हण त्यांनी कुणावर टाकली ते सगळ्यांना कळलं. बाईला तिच्या जागी ठेवावं, डोक्यावर घेऊ नये. मी म्हटलं, 'तेच तर सांगतोय भाऊसो. पायातली वहाण पायातच बरी, हातात नको आणि पिशवीत नको.' मागं कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. भाऊसो हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. लोक पुढं काय बोलतील ते मी तुला कबूल करून देऊ शकत नाही. थोडं बोलतीलच.

आता तुझ्या अर्जाचं. तो मी वडूजला दिलेला नाही, ह्या पत्राच्या घडीतच ठेवला आहे. फाडून टाकावा असं दोनदा मनात आलं. पण तुझी सही असलेला कागद मी फाडायचा म्हणजे पुन्हा निकाल देणंच झालं. आठ दिवस आहेत. तूच तो वडूजला धाड, नाहीतर तूच चुलीत घाल. नोकरी सोडलीस तरी जोडा तुझाच आणि घरही तुझंच. पण ठरवायच्या आधी तुला एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर हे सगळं पत्र लबाडी ठरेल. फडक्यावरचं रक्त बघून मला कळलं, असं मी वर भासवलं आहे. ते खरं नाही. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी संध्याकाळी तू शाळेतून येत होतीस, आणि म्हैस आडवी आली म्हणून पारापुढच्या फरशीवर तुला डावा पाय टेकावा लागला. म्हैस गेली, तू गेलीस, आणि फरशीवर तांबडा डाग राहिला. माझ्यापासून चार हातांवर. मी तो बघितला. उठायचं, तुझ्या मागून यायचं आणि 'पाय बघू' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण सुनेसाठी सासरा पारावरून उठला असं चारचौघं म्हणतील, ह्या एका विचारानं बसून राहिलो. सगळे पांगल्यावर डागावर पायानं माती लोटली. घरी आल्यावर तू काट्याचं सांगितलंस आणि मी ते मानलं, कारण ते मानणं माझ्या सोयीचं होतं. हे हरणाबाईला माहीत नाही, कृष्णातला माहीत नाही. मी पत्र लिहायला बसलो ते हेच सांगायला. हात धजत नव्हता म्हणून सायकल, जोडा आणि पार ह्यांची गोष्ट आधी लिहीत बसलो. तुला परत यावंसं वाटलं तर हे माहीत असताना ये, आणि नाही वाटलं तर त्याचं कारण लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. त्या दिवशी मी उठलो नाही, पोरी.

तुझाच,
मामंजी